बोटीवर गेलेल्यांची नावं

शुक्रवार, २१ नोव्हेंबर : सातारा, अपशिंगे

माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाला आमच्या घरात सगळे 'बोटवाले आबा' म्हणतात. त्यांचा फोटो नाही, हाताचं पत्र नाही. १९४२ च्या दिवाळीला ते कोयनाकाठच्या गावी घरी होते. दिवाळी उरकून मुंबईला गेले, 'तिलावा' नावाच्या बोटीवर चढले, आणि ती बोट आफ्रिकेच्या वाटेवर बुडाली. भंडाऱ्याच्या हाताखाली त्यांचं काम होतं, म्हणजे खलाशांच्या जेवणाचं.

'तिलावा' ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची दहा हजार टनी बोट, १९२४ साली बांधलेली. माल आणि माणसं दोन्ही नेणारी. २० नोव्हेंबर १९४२ ला ती मुंबईहून मोंबासा, लोरेन्सो मार्केस (आजचं मापुतो) आणि दरबानला निघाली. बोटीवर ९५८ माणसं होती : ७३२ प्रवासी, २२२ कर्मचारी आणि ४ तोफची. तिसऱ्या रात्री, २३ तारखेच्या पहाटे, जपानी पाणबुडी आय-२९ ने तिला दोन टॉर्पेडो मारले. २८० माणसं गेली.

गेली काही वर्षं मी हे सगळं वाचत होते. या नोव्हेंबरात चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, म्हणाला, "नुसतं वाचून काय होणार? चल, जाऊन माणसांना भेटू." गावाच्या देवळासमोर फौजेत गेलेल्यांच्या नावांचा फलक आहे. त्यावर आबांचं नाव यावं, एवढंच आम्हाला हवं होतं. त्यासाठी काय लागतं, कुणाला भेटायचं आणि आबांच्या सोबतीनं बोटीवर असलेल्या माणसाच्या घरी अजून काय सांगितलं जातं, हे सगळं एका फेरीत बघायचं ठरवून आम्ही पुण्याहून निघालो.

साताऱ्यात सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कार्यालयात आधी गेलो. तिथल्या कारकुनांनी चहा मागवला, नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "रेजिमेंट कुठली?" रेजिमेंट नव्हती, व्यापारी बोटीवर होते, असं सांगितल्यावर ते थोडे अवघडले. त्यांच्या कामाची चौकट फौजेपुरती आहे, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण उठताना मला वाटलं, सातारा जिल्ह्यात लढाईत मेलेल्या माणसाची ओळख पहिल्यांदा रेजिमेंटवरूनच पटवायची असेल, तर आबांसारख्यांनी उभं कुठं राहायचं?

दुपारी अपशिंगे मिलिटरी. महामार्ग सोडून आत वळलं की ऊस आणि सोयाबीन काढलेली रानं, मग कमान, मग गाव. पहिल्या महायुद्धात या एका गावातली ४६ माणसं मेली. इंग्रजांच्या काळापासून नावामागे 'मिलिटरी' लागलं ते आजतागायत. स्मारकापाशी आम्ही उभे होतो तेव्हा एक निवृत्त सुभेदार सायकलवरून उतरले. कुठून आलात, कशासाठी, अशी चौकशी झाली. मी सगळं सांगितलं. आमच्या मागणीवर शंका घेतील असं मला वाटत होतं, कारण फौजेचा माणूस फौजेच्या फलकाबद्दल हळवा असतो आणि ते योग्यच आहे.

त्यांनी वेगळंच विचारलं. "बोटीवर तोफ होती का?"

चार तोफची होते, मी म्हटलं.

"मग ती बोट लढाईतच होती की. आता मला सांगा ताई, तोफ चार जणांच्या हातात, आणि बाकीच्या दोनशे बावीस जणांच्या हातात काय? कढई, दोर, फावडं. टॉर्पेडो काय बघून लागतो व्हय, कुणाच्या हातात काय हाय ते?"

ते पुढं बोलत राहिले, मी लिहून घेत राहिले. त्यांचे आजोबा मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकात, गेले होते. मुंबईहून बोटीनं बसऱ्याला. "नेणारे खलाशीच होते," म्हणाले, "ते नसते तर मराठा पलटण पोचली कशी असती?" शंभर वर्षं आपण साताऱ्याचा सैनिक म्हणतो, पण तो सैनिक परमुलखात पोचला तो कुणाच्या तरी बोटीतून, ही गोष्ट इतकी सरळ असून मी कधी अशी मांडली नव्हती.

शनिवार : वडूज, कराड

वडूजला जायचा आग्रह माझा होता, वाट वाकडी करून. ९ सप्टेंबर १९४२ ला इथल्या कचेरीवर मोर्चा आला, परशुराम घार्गे तिरंगा घेऊन पुढे होते, गोळीबार झाला आणि ९ माणसं हुतात्मा झाली. आबा बोटीवर चढले त्याच्या जेमतेम अडीच महिने आधीची ही गोष्ट. सगळा जिल्हा पेटलेला होता, आणि त्याच जिल्ह्यातला एक माणूस इंग्रज कंपनीच्या बोटीवर भात शिजवायला निघाला होता. आमच्याच नात्यातले एक काका मला एकदा म्हणाले होते, "त्यांचं कशाला एवढं? इंग्रजाचीच चाकरी की." मला ते फार लागलं होतं. पाच माणसांचं घर, कोयनेच्या खोऱ्यातली उतारावरची नाचणी-वऱ्याची शेती, आणि रोख पैसा म्हणजे मुंबई. पाटण आणि जावळीतली माणसं गोदीत पाठीवर पोती वाहत होती, गिरणीत जात होती, काही फौजेत, काही बोटीवर. एकाच घरातला एक भाऊ चळवळीत आणि दुसरा चाकरीत, हेही त्या काळात होतं. हुतात्म्यांच्या स्मारकासमोर हात जोडताना माझ्या मनात आबांबद्दल कमीपणा आला नाही, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

बोटीवरची माणसं मुकाट होती असंही नाही. १९३९ साली लढाई सुरू होताच हिंदी खलाशांनी इंग्लंडपासून अनेक बंदरांत बोटी सोडायला नकार दिला. पगार दुप्पट करा, ही मागणी होती, कारण गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या चौथाईइतकाही पगार त्यांच्या हातात पडत नव्हता आणि समुद्र मात्र दोघांना सारखाच गिळत होता. शेकडो जण तुरुंगात गेले. ही चळवळ आपल्याकडे कुणी शिकवत नाही.

पुसेसावळीवरून संध्याकाळी कराडला पोचलो. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, एकामागे एक, त्यामुळे उशीर झाला. प्रीतिसंगमावर गेलो तेव्हा अंधार पडत आला होता. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन मिळतात.

आमच्या घराला या घाटाशी एक जुनं नातं आहे. आबांची बायको, आमची थोरली आजी, बारा वर्षं कुंकू लावत होती. मुंबईहून निरोप आला होता, सोबतीच्या माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं येऊन सांगितलं होतं, तरी तिनं ऐकलं नाही. दृष्टीनं देह बघितला नाही तोवर मी का पुसू, हे तिचं म्हणणं. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही यावरून गावात कुजबुज व्हायची, ती ताठ मानेनं जायची. बारा वर्षं सरल्यावर माझ्या पणजोबांनी तिला इथं आणलं. देह सापडत नाही त्याचा पालाशविधी करतात. पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस केला, त्याला अग्नी दिला. माझे आजोबा तेव्हा तिशीत होते. त्यांनी मला सांगितलं होतं की ती रडली नाही, फक्त परतीच्या गाडीत विचारलं, "पानांचा माणूस एवढा हलका का केला?"

दादाला हे ठाऊक नव्हतं. आम्ही घाटाच्या पायरीवर बराच वेळ बसलो होतो.

रविवार, २३ नोव्हेंबर : पाटण, कोयनानगर, गाव

तारीख जुळवून आलो होतो. पाटण सोडल्यावर रस्ता नदीला धरून चढतो. थंडी होती, भात काढून झालं होतं, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या.

कोयना धरण १०३ मीटर उंच. १९५० च्या दशकात काम सुरू झालं, १९६४ मध्ये पुरं झालं, आणि १०५ टीएमसीच्या शिवसागर जलाशयात खोऱ्यातली गावंच्या गावं गेली. आमचं जुनं गावही. लोक विखुरले, कोणी सोलापूरकडं, कोणी सांगलीकडं, कोणी घाट उतरून रायगडात. थोडी घरं वरच्या अंगाला सरकली, त्यांचं आजचं गाव. मग ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, त्यात नव्यानं उभी राहिलेली घरंही पडली. कागदपत्रं असतील तर कुठून असणार? आबांच्या नोकरीचं पुस्तक तर त्यांच्याबरोबरच गेलं. खलाशी ते पत्र्याच्या नळीत घालून ठेवत, म्हणून त्याला नळीच म्हणत. घरी मागे राहिलेले कागद, मनिऑर्डरीच्या पावत्या, एका लाकडी पेटीत होते. ती पेटी गाव उठताना कुठं गेली, कुणी सांगू शकत नाही.

देवळासमोरच्या फलकावर अकरा नावं आहेत. सगळी मराठा लाइट इन्फंट्रीची, दोन महार रेजिमेंटची वगळता. सरपंचबाई तरुण आहेत, दोन मुलं काखेला आणि मांडीला घेऊन त्यांनी आमचं ऐकलं. गावातली जुनी माणसंही जमली. एका आजोबांनी विचारलं, मग उद्या गोदीत मेलेल्यांचंही नाव लावा म्हणतील, तेव्हा काय? प्रश्न खरा होता. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोटीचा स्फोट झाला, शेकडो माणसं मेली, त्यांत घाटावरचे हमाल किती असतील! मी म्हटलं, आजोबा, त्यांचंही लावा. लढाईच्या मालापायी मेले ना ते.

ते काही बोलले नाहीत. पण मान हलवली नाही असंही नाही.

सरपंचबाईंनी मुद्द्याचं सांगितलं. ग्रामसभेपुढे ठराव यायला हवा, आणि ठरावासोबत एखादा कागद. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. तिथं पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातल्यांची नावं नोंदवह्यांत आहेत : रॉयल इंडियन नेव्हीचे ४०० आणि व्यापारी बोटींवरचे जवळजवळ ६,०००. तशीच नोंदवही चितगावलाही आहे. त्या वहीतल्या पानाचा फोटो आणि आमचा अर्ज, असं ठरलं.

दुपारी धरणाच्या वरच्या अंगाला जाऊन पाणी बघितलं. नोव्हेंबरात तलाव भरलेला असतो. जुनं गाव कुठल्या बाजूला, हे गावातल्या एका काकांनी हातानं दाखवलं. फुलं वाहिली, नारळ फोडला. तेवढंच.

सोमवार : सांगली

सगळी फेरी ज्यासाठी होती तो दिवस हा. आबांच्या सोबत बोटीवर गावातलेच एक भावकीतले होते, डेकवरचे खलाशी. ते वाचले. त्यांची मुलगी सांगलीत विश्रामबागेकडं राहते, ऐंशीच्या घरात आहे. आम्ही तिला आत्या म्हणतो. पेठ नाक्यावरून उतरून दहाला तिच्याकडं पोचलो. भडंग आणि चहा पुढं ठेवून ती सरळ बोलायलाच लागली, जणू वाटच बघत होती.

"बाबा सांगायचं, पैला दणका बसला तवा मी झोपेत हुतो. दोन वाजलं असतील रातीचं. वर आलो तर मानसं नुसती पळत्यात. बायका, पोरं. समद्या भाषांत आरडत्यात, आन कुनाचं कुनाला कळंना."

प्रवासी बहुतेक गुजराती आणि पंजाबी कुटुंबं, आफ्रिकेत दुकानं आणि नोकऱ्या असलेली. पुष्कळ जण डेकवर पथारी टाकून झोपलेले. बोट एकटीच चालली होती, सोबतीला लढाऊ जहाज नव्हतं. धांदलीत काही होड्या उलटल्या. पण बोट लगेच बुडाली नाही. ती तरंगत राहिली, आणि हीच गोष्ट घातक ठरली. लोकांना वाटलं वाचलो. होड्यांतले काही परत वर चढू लागले.

"तुझं आबा आन माझं बाबा एकाच होडीत हुतं," आत्या म्हणाली. "होडीत पोरं हुती, ती पाणी मागत हुती. आबा म्हणलं, वर भंडारखान्यात डबा भरलेला हाय, आणतो. बाबा म्हणलं नगं जाऊस. तर म्हणलं, आरं बोट हाय की उभी. दोर धरून गेलं वर. मंग दुसरा बसला."

पहिल्यानंतर साधारण तासाभरानं दुसरा टॉर्पेडो आला. त्यानंतर 'तिलावा' फार वेळ टिकली नाही. बिनतारी यंत्रावरचा डंकन नावाचा अधिकारी शेवटपर्यंत मदतीचे संदेश पाठवत राहिला आणि बोटीबरोबर गेला. त्या संदेशांमुळेच मदत आली. ब्रिटिश युद्धनौका एचएमएस बर्मिंगहॅमनं ६७४ जणांना आणि कार्थेज या बोटीनं ४ जणांना उचललं. तोवरचे दिवस होडीत कसे गेले, हे आत्याच्या बाबांनी तिला क्वचितच सांगितलं. कडक बिस्किटं आणि झाकणभर पाणी, एवढंच. २७ नोव्हेंबरला वाचलेले मुंबईत उतरले. डोंगरीत गावच्या मंडळाची खोली होती, तिथं ते दोन दिवस नुसते पडून होते. मग गावी जाऊन त्यांनी माझ्या पणजोबांना आणि थोरल्या आजीला सगळं सांगितलं.

"आन मंग?" मी विचारलं.

"मंग काय, तीन महिन्यांनी परत बोटीवं. खायाला काय हुतं?"

हे ऐकून दादा उठून बाहेर गेला. टॉर्पेडोतून वाचलेला माणूस पुन्हा त्याच समुद्रावर जातो, ज्याच्या तळाशी त्याचा सोबती आहे. असं करणारे ते एकटे नव्हते. त्या वर्षी हिंदी खलाशांना सुरक्षित असा समुद्रच उरला नव्हता. १९४२ च्या जानेवारीत बंगालच्या उपसागरात सिंदिया कंपनीच्या 'जलतरंग' आणि 'जलपालक' एका दिवसाच्या अंतरानं बुडवल्या गेल्या. सिंदिया म्हणजे वालचंद हिराचंद प्रभृतींची कंपनी, जिची 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली. आत्याच्या घरापासून वालचंद कॉलेज जवळच. दादा तिथंच शिकला, पण वालचंद नावाचा आणि समुद्राचा संबंध त्याला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवला, आणि मग तो कितीतरी वेळ त्याबद्दलच बोलत होता.

आत्याला मी पाणबुडीबद्दल सांगितलं. आय-२९ नं पुढच्या एप्रिलात मादागास्करजवळ जर्मन पाणबुडीतून आलेल्या नेताजी सुभाषचंद्र बोसांना उतरवून घेतलं आणि पूर्वेकडं नेलं. सुभाषबाबूंचा फोटो आत्याच्या भिंतीवर आहे, तिच्या नवऱ्यानं लावलेला. ती फोटोकडं बघत राहिली. मी काय बोलणार होते? तेच लोखंड, पाच महिन्यांच्या अंतरानं. माझ्या मनात नेताजींबद्दलचा आदर तसूभर कमी झालेला नाही, आणि आबांचं दुःखही. दोन्ही एकाच घरात राहतात, आत्याच्या घरात तर ऐंशी वर्षं राहिलीच आहेत. २६ जुलै १९४४ ला अमेरिकन पाणबुडी सॉफिशनं आय-२९ ला बुडवलं. तिच्यावरच्या माणसांच्याही आया असतील.

एक गोष्ट मात्र मला शांतपणे सांगता येत नाही. 'तिलावा'त दक्षिण आफ्रिकेसाठी चांदी होती, नाणी पाडायला. २०१७ साली एका इंग्रज कंपनीनं अडीच किलोमीटर खोल पाण्यातून २,३६४ विटा वर काढल्या. मालकी कुणाची यावर इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला चालला, २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं निकाल लागला. चांदी ज्याची त्याला मिळाली, यात गैर काही नाही. पण एकेक वीट मोजली गेली. तितक्याच काटेकोरपणे त्या खोलीवर राहिलेल्या माणसांची गावं मोजायला कोण बसलं? गुजरातेत, पंजाबात, कोकणात, घाटावर, ज्या घरांत कुंकू पुसायचं की नाही हा प्रश्न बारा वर्षं पडून राहिला, त्यांच्यापर्यंत कोण आलं?

निघताना आत्यानं कपाटातून तिच्या बाबांची नळी काढली. पत्रा गंजलेला, झाकण घट्ट बसलेलं, दादानं जोर लावून उघडलं. आत पुस्तक शाबूत होतं. बोटींची नावं, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, वागणुकीचा शिक्का. 'तिलावा'चं पान आम्ही खिडकीपाशी नेऊन फोटो घेतले. आबांचं नाव त्यात असण्याचं कारण नाही, पण आबांबरोबर चढलेल्या माणसाचा हा सरकारी कागद आहे, आणि ग्रामसभेपुढे ठेवायला तो चालेल असं सरपंचबाईंनी फोनवर लगेच सांगितलं. ग्रामसभा २६ जानेवारीला आहे. त्याआधी मला मशीद बंदरला जाऊन नोंदवही बघायची आहे. आत्या म्हणते, ठरावाच्या दिवशी तिला गाडीनं न्यायचं, तिला स्वतः सांगायचं आहे.

पाटण, जावळी, महाबळेश्वर या भागातल्या ज्यांच्या घरात बोटीवर गेलेलं कुणी होतं, त्यांनी माळ्यावरच्या पेट्या एकदा उघडून बघाव्यात. हातभर लांबीची पत्र्याची गोल नळी असते, गंजलेली असेल, तरी टाकू नका. आतलं पुस्तक उन्हात धरू नका, सावलीत उघडा, आणि बोटींच्या नावांचं पान आधी शोधा. १९३९ ते १९४५ मधली एखादी तारीख असेल आणि उतरल्याची तारीख कोरी असेल, तर तो कागद घेऊन तुमच्याही ग्रामसभेत जा.